त्रेचाळीस किलोची बायको

विश्वजितने मला उचललं तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं आणि तोंडात अर्धं वाक्य.

"शाळेच्या सहलीला मी जाणार आहे. मुख्याध्यापकांना तुम्ही परस्पर फोन करून..."

एवढंच म्हणून झालं होतं. त्याने एक हात माझ्या गुडघ्यांमागे घातला, दुसरा पाठीमागे, आणि रिकामा सिलिंडर उचलावा तसं मला उचललं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून दारात, दारातून ओट्यावर. तिथे मला अलगद उभं केलं, गालाला चापट मारली आणि आत जाऊन कडी लावली.

आतून हसण्याचा खदखदाट ऐकू आला. सासूबाई हसत होत्या, सुट्टीला आलेल्या नणंदबाई कल्पनाताई तर खोकायलाच लागल्या.

"संपलं पण भांडण?" कल्पनाताई म्हणाल्या.

"आपल्याकडे असंच संपतं," विश्वजित म्हणाला. "आवाज नाही, आदळआपट नाही. सामानाचा डाग उचलायचा, बाहेर ठेवायचा."

समोरच्या घरातल्या काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. "आज पण का?" असं विचारून त्या हसल्या, आणि मीही हसले. हसले नसते तर गंमत कळत नाही म्हणून आणखी बोलणी खावी लागली असती. हाताचं पीठ वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग सासूबाईंनी दार उघडलं, कारण तव्यावरची पोळी करपली होती.

दौंडच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. वर्गात साठ पोरं माझं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसायची. घरात मात्र माझं एकही वाक्य तडीला जात नव्हतं. विश्वजितला मी तोंडावर 'अहो' म्हणायचे. मनातल्या मनात कधीच म्हटलं नाही, आणि आता सांगतानाही म्हणणार नाही.

या सगळ्याचं मूळ होतं जेजुरीत. लग्नानंतर नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढायच्या, ही आमच्याकडची रीत. पाचव्या पायरीवर बहुतेकींचे नवरे धापा टाकत बायकोला खाली ठेवतात. विश्वजित थांबलाच नाही. मला घेऊन तो थेट पहिल्या कमानीपर्यंत गेला. खाली पाहुण्यांनी येळकोटाचा गजर केला, कुणीतरी मूठभर भंडारा उधळला, आणि सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. त्या दिवशी मलासुद्धा अभिमान वाटला होता. पण घरी आल्यावरही त्याने मला खाली ठेवलंच नाही. पुढची दहा वर्षं मी काही बोलायला लागले, की त्याचे हात शिवशिवायचे.

मी मुळातच शिडशिडीत. शर्वीच्या बाळंतपणानंतर तर त्रेचाळीस किलोवर आले. कुणी पाहुणे आले की सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "आमची सून म्हणजे नुसती काडी. विश्वा एका हाताने उचलतो." आणि विश्वजित लगेच उचलून दाखवायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मी नको नको म्हणायचे, तेवढ्याने गंमत आणखी वाढायची.

मग एका रविवारी शर्वी टीव्हीसमोर बसली होती. आठ वर्षांची होती तेव्हा. मी म्हटलं, "बंद कर आता तो. पाढे लिहायचे राहिलेत."

तिने मानसुद्धा वळवली नाही. "पप्पा," ती म्हणाली, "हिला बाहेर ठेवा ना."

सगळं घर हसलं. विश्वजित हसत हसत उठला. माझी पोरगी टाळ्या पिटत होती आणि तिचा बाप मला दाराकडे नेत होता. ओट्यावर बसल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याचा राग मला नवीन नव्हता. पण त्या दिवशी मला पोटच्या पोरीचा राग आला, आणि त्या रागाची मला भीती वाटली. आणखी दहा वर्षांनी ही पोरगी एखाद्या घरात जाईल, आणि तिथे कुणी तिला असं उचललं की तीही हसेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ग्रेस गायकवाडच्या जिममध्ये गेले.

रेल्वेच्या चाळींमागे पत्र्याची एक लांब शेड होती. दुपारची वेळ बायकांची. ग्रेस मॅडम पूर्वी रेल्वेच्या संघातून वजनं उचलण्याच्या स्पर्धांत उतरायची. पन्नाशीची, आडव्या अंगाची, बॉबकट केलेली बाई. बोलायला लागली की समोरच्याचा पाणउताराच करायची.

"इथे बारीक करतात," मला वरपासून खालपर्यंत बघून ती म्हणाली. "तुझ्यातलं काय काढू? हाडं?"

"मला बारीक नाही व्हायचं. अंग घट्ट करायचंय."

"घट्ट म्हणजे? तू काय बरणीचं झाकण आहेस?"

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. घरी तेच, इथेही तेच. मी पिशवी उचलली आणि निघाले.

"हसल्यावर जातेस, मग आलीस कशाला?" मागून ती म्हणाली. "ती दांडी दिसते का? नुसती दांडी. वजन लावलेलं नाही. तेवढी जमिनीवरून उचल आणि मग जा."

मी उचलायला गेले. गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली.

"ठेव. पाठीने ओढू नकोस, मोडशील. ढुंगण खाली घे, टाचा रोव, पायाने जमीन ढकल."

तिने सांगितलं तसं केलं आणि दांडी वर आली. मी तिच्याकडे बघितलं. शाबासकी वगैरे काही नव्हती.

"उद्या सलवार-कमीज घालून ये," ती म्हणाली. "साडीत बैठका होत नाहीत. आणि खायला लाग. चिमणीच्या खाण्यावर माझ्याकडे काही होणार नाही."

घरात ही बातमी कळली आणि शिमगा सुरू झाला. "बाईच्या जातीला दंड कशाला हवेत?" सासूबाई म्हणाल्या. "आधीच अंगावर मांस नाही, आता पुरुषासारखी दिसशील." मी रोज सकाळी दोन अंडी उकडायला लागले, तर त्या मोठ्याने विचारायच्या, "परसात खुराडं बांधू का?" विश्वजितला तर हा नवा खेळच मिळाला. मित्र आले की मला हाक मारायचा, दंड चिमटीत धरून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, पैलवान. बघा, बघा, लिंबाएवढी बेटकुळी आलीय." मग उचलायचा. "छे, अजून तेवढीच आहे!" असं म्हणून ओट्यावर नेऊन ठेवायचा.

मांड्या इतक्या दुखायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, तरी ते कुणाला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. सासूबाई मुद्दाम डाळीचे डबे माळ्यावर चढवायला सांगायच्या, पिठाचा डबा हलवायला लावायच्या. "पैलवान ना तू!" मी हलवायचे. एकदा गव्हाचं पोतं मी एकटीने ओट्यावरून कोठीत नेलं. सासूबाईंनी बघितलं, तोंड वाकडं केलं आणि त्यातले खडे निवडायला मलाच बसवलं.

जिममध्ये तीन-चार महिने गेले असतील. एक दिवस मी दांडीवर वजनं लावून वाकले होते, आणि माझी कंबर चुकते आहे म्हणून ग्रेस मॅडमने मागून येऊन मला दोन्ही हातांनी धरलं. पुढे काय झालं ते मलाच कळलं नाही. दांडी हातातून सुटली, मी गुडघे पोटाशी घेतले, हात छातीशी आवळले, डोळे मिटले. मॅडमने मला तसंच अधांतरी धरलं होतं.

तिने मला खाली ठेवलं. बाकीच्या बायका बघत होत्या.

"चला, आपापलं करा," ती त्यांच्यावर खेकसली. मग मला म्हणाली, "कोण उचलतं तुला?"

"कुणी नाही."

"मी विचारलं, कोण उचलतं?"

"मिस्टर. गमतीत."

"तुला येते का गंमत?"

मला ते कधी कुणी विचारलंच नव्हतं. ती बाई माझ्यावर दया करील, जवळ घेईल असं क्षणभर वाटलं. तसलं काही झालं नाही.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "उचलणाऱ्याला तू मदत करतेस. धरलं की अंग चोरून घेतेस, गाठोडं होतेस. गाठोडं उचलायला काय लागतं? उभी राहा. आता मी धरीन, तेव्हा आखडायचं नाही. बसायचं. पाय फाकवून, टाचा रोवून, बैठकीत जायचं. श्वास पोटात. त्याला ढकलू नको, मारू नको, ओरडू नको. नुसती खाली बस."

तिने मला पहिल्यांदा धरलं आणि उचललं. दुसऱ्यांदा उचललं. चार-पाच वेळा तसंच झालं, आणि दर वेळी "गाठोडं!" म्हणून ती ओरडायची. मग एकदा मी बसले. ती नेहमी वजनं उचलणारी बाई, तिने जोर लावला, तिच्या तोंडातून हुंकार निघाला, आणि माझ्या टाचा काही सुटल्या नाहीत.

"हां," ती म्हणाली. तिच्याकडून मला कधी मिळाली ती एवढीच शाबासकी.

घरी जाऊन त्याच दिवशी मी हा प्रयोग करू शकले असते. तशी संधी दोनदा आलीही. पण मला त्याला झटापटीत हरवायचं नव्हतं. मला तोंडाने सांगायचं होतं आणि त्याने ते ऐकायला हवं होतं. माणसासारखं सांगून बघू, असं मी ठरवलं होतं.

ते सांगायची वेळ चैत्रात आली. लग्नाला दहा वर्षं होत होती. विश्वजितने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की वाढदिवस जेजुरीत करायचा आणि बायकोला पुन्हा पहिल्या कमानीपर्यंत उचलून न्यायचं.

"ते नव्या जोडप्याचं असतं ना?" कल्पनाताईंचे यजमान भाऊसाहेब म्हणाले. सबंध घरात तेवढे एकच सौम्य बोलायचे, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नसे.

"आमचं जोडपं अजून नवंच आहे," विश्वजित म्हणाला. "ताई, तू मोबाइलवर सगळं शूट करायचं. सगळ्या ग्रुपवर टाकू."

मी चहाचे कप खाली ठेवले. "मला उचलू नका," मी म्हटलं. "दर्शनाला मी येते. पायऱ्या माझ्या मी चढेन. पण मला उचललेलं नको आहे. तिथे नको आणि घरातही नको."

एवढं लांब वाक्य मी त्या घरात प्रथमच पुरं केलं असेल. कारण विश्वजित सोफ्यात रेलून बसला होता आणि त्याला उठायचा कंटाळा आला होता.

"नवऱ्याने उचलायला नशीब लागतं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी साधं बोट धरलं नाही कधी."

"मग मी नको म्हटलेलं कळलं ना?"

"कळलं, कळलं," विश्वजित म्हणाला. "लाजतेय." आणि सगळे हसले.

जेजुरीला आम्ही जीप करून गेलो. सबंध रस्ताभर त्याच गप्पा. पोटाला पट्टा बांध, विश्वा. सकाळी नाश्ता जास्त केला नाहीस ना, विश्वा. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. जीपमधून उतरताना मी पुन्हा एकदा त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "अहो, मी मनापासून सांगतेय. नका उचलू."

"सगळ्यांसमोर तमाशा करू नकोस," तोही हळूच म्हणाला. हसत नव्हता. दात मात्र दिसत होते. "गुपचूप उचलून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे."

म्हणजे त्याला कळत होतं. दहा वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले होते, की या माणसाला कळत नाही, म्हणून तो असं करतो. त्याला सगळं कळत होतं.

रविवार होता, गर्दी होती. कल्पनाताई पाच-सहा पायऱ्या वर जाऊन मोबाइल धरून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी भंडाऱ्याची पिशवी उघडली. शर्वी आजीजवळ उभी होती. विश्वजितने बाह्या सरसावल्या, आजूबाजूच्या अनोळखी लोकांकडे बघून हात जोडले, आणि तेही कौतुकाने थांबले.

"येळकोट येळकोट!" तो ओरडला आणि माझ्याकडे वळला.

त्याचा हात माझ्या गुडघ्यांमागे आला तेव्हा मी खाली बसले. थेट बैठकीत. टाचा दगडावर रोवल्या, श्वास पोटात भरला, हात मांड्यांवर ठेवले. त्याचा हात घसरला. त्याला वाटलं माझा पाय निसटला. "नीट उभी राहा ना," तो हसत म्हणाला आणि त्याने पुन्हा हात घातला. मी तिथेच होते.

"काय झालं रे?" सासूबाई.

"काही नाही. भारी झालीय जरा."

लोक हसले. त्याने खाली वाकून मला दोन्ही हातांनी कवळ घातली. त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं. "सोड," तो दातांतून म्हणाला. "सोड म्हणतो ना."

मी कशालाच धरलं नव्हतं. काय सोडणार? मी सरळ समोर बघत बसले होते. त्याने पाठ वाकवून जोर लावला. मानेच्या शिरा तटतटल्या, कपाळ लाल झालं. मग कुणीतरी मागून चाबूक मारावा तसा तो ओरडला आणि कमरेला हात लावून पायरीवर बसला.

लचक भरली होती. त्याला धड सरळ होता येईना, धड वाकता येईना. भाऊसाहेब धावले, तर त्यांना त्याने झिडकारलं. "कुणी हात लावू नका!" दोन अनोळखी पोरंही पुढे आली होती, ती मागे सरली. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती आणि जाता जाता वळून बघत होती. त्याच्या डोक्यावर कुणाचा तरी भंडारा पडला होता.

सासूबाईंना कुणावर ओरडावं ते कळेना. शेवटी उठून उभी राहिलेली मी सापडले.

"उभी काय राहिलीस खांबासारखी? नवरा खाली पडलाय! एवढी ताकद कमावलीस ना? उचल त्याला!"

खरं सांगायचं तर मला ते जमलं असतं. सगळा नाही, पण काखेत हात घालून, पायांच्या जोरावर, मी त्याला उभा करू शकले असते. जवळपास त्याच्याएवढं वजन मी रोज दुपारी जमिनीवरून उचलत होते. मी त्याच्यासमोर बैठकीत बसले. त्याच्या काखेजवळ हात नेले, पण लावले नाहीत.

"अहो," मी म्हटलं, "उचलू का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बघत थांबलेल्या बायकांच्या घोळक्याकडे, मग बहिणीच्या हातातल्या मोबाइलकडे.

"नको."

"सगळे बघतायत. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको म्हणतो ना एकदा!"

"बरं." मी हात मागे घेतले आणि उभी राहिले. "तुम्ही एकदा म्हणालात. मी दहा वर्षं म्हणतेय."

कल्पनाताईंनी मोबाइल खाली केला. मी थांबले. कुणीतरी मध्येच बोलेल म्हणून थोडा वेळ वाट बघितली, ती सवयच होती. कुणी बोललं नाही.

"आजपासून मला कुणी उचलायचं नाही," मी म्हटलं. "गमतीत नाही, रागात नाही, आणि देवाच्या नावाने तर मुळीच नाही. पुन्हा हात लागला तर मी शर्वीला घेऊन माझ्या पायांनी त्या ओट्यावरून खाली उतरेन आणि परत चढणार नाही. झालं माझं बोलून."

विश्वजित दगडाकडे बघत बसला होता. भाऊसाहेब त्याच्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "तुम्ही या दर्शन घेऊन, वहिनी. मी थांबतो."

मी शर्वीपुढे हात केला. तिने आजीकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि मग हात दिला. आम्ही चढायला लागलो. पहिली कमान आली, मागे गेली. बऱ्याच पायऱ्या झाल्यावर एका दीपमाळेपाशी ती थांबली.

"आई, तुला पप्पांना उचलता येत होतं ना?"

"येत होतं."

"मग का नाही उचललंस?"

"त्यांना नको होतं," मी म्हटलं.